नव्या होस्टवर गेलेली व्हीएम परत येत नाही : दर रविवारी उगवणारी एक अडचण

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

क्लस्टरमध्ये, म्हणजे भार वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटात, जुने होस्ट (व्हीएम चालवणारे खरे सर्व्हर) आहेत. त्यांच्या जोडीला नव्या पिढीचा एक होस्ट येतो. जुन्यावरच्या चालू व्हीएम (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) नव्यावर बिनबोभाट जातात, हव्या तेव्हा परतही येतात. आठ-पंधरा दिवस तुम्ही खुशीत असता. मग एका रविवारी फर्मवेअरसाठी नवा होस्ट मेंटेनन्स मोडला टाकता, म्हणजे दुरुस्तीसाठी रिकामा करायला लावता, आणि काम मध्येच अडकून बसतं. बहुतेक व्हीएम निघून गेलेल्या असतात, तीन-चार मात्र जागच्या हलत नाहीत. संदेश येतो की समोरचा होस्ट या व्हीएमच्या सध्याच्या हार्डवेअर गरजा भागवू शकत नाही. खाली प्रोसेसरच्या न मिळालेल्या सुविधांची यादी असते, तिच्यात एव्हीएक्स-५१२ ची (एकदम बरेच आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांची) दोन-चार भावंडं हमखास. त्या व्हीएम बंद केल्या, जुन्यावर नेऊन चालू केल्या, की सगळं ठीक. पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि गंमत म्हणजे या वेळी अडलेल्या व्हीएम वेगळ्याच असतात.

त्या ‘वेगळ्याच’मध्ये उत्तर दडलंय, पण ते मला कळायला तीन रविवार गेले.

बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्याचे सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर आणि शेठच्या घरचं वायफाय एवढं सगळं माझ्याकडे आहे. क्लस्टर व्हीएमवेअरच्या आवृत्ती ७ चं. जुने तीन होस्ट झिऑन ई५-२६५० व्ही४ चे, म्हणजे २०१६ ची ब्रॉडवेल पिढी. नवा एक झिऑन सिल्व्हर ४३१४ चा, २०२१ ची आइस लेक पिढी. नवरात्राच्या तोंडावर तो रॅकमध्ये चढला. ज्यांनी विकला त्यांच्या माणसाने क्लस्टरमध्ये जोडला, दोन व्हीएम इकडून तिकडे नाचवून दाखवल्या, सही घेतली आणि गेला. दिवसभरात मी अर्धा भार नव्यावर सरकवला. एकही तक्रार नाही.

पहिल्या रविवारी चार व्हीएम अडल्या. मला आधी नेटवर्कचा संशय आला, कारण व्हीमोशनसाठीचं (चालू व्हीएम हलवण्यासाठीचं) वेगळं व्हीएलएएन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, मीच नव्या पोर्टवर ओढलं होतं. ते बरोबर निघालं. मग डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइलींची सामायिक साठवण, बघितला. तोही चारही होस्टना दिसत होता. विकणाऱ्यांच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, “बंध करीने चालू करी दो ने, काका.” केलं. झालं. नवरात्रात रात्री नऊनंतर बडोद्यात तसंही कुणी फोन उचलत नाही, तेव्हा मीही विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या रविवारी तीन अडल्या. बंद करून चालू. तिसऱ्या रविवारी पाच, आणि त्यांत ईआरपीची (कारखान्याच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरची) व्हीएम होती. डिस्पॅचवाल्यांच्या गाड्या दारात उभ्या, चलन निघेना. तेव्हा मात्र बसलो. विकणाऱ्यांच्या माणसाचा उपाय चुकीचा नव्हता, दर वेळी लागू पडत होता. पण लागू पडत होता म्हणूनच आम्ही कारणापर्यंत जात नव्हतो.

वहीने काय सांगितलं

मी जुन्या वळणाचा माणूस. सर्व्हर रूमच्या दाराला सुतळीने बांधलेली एक वही आहे, आणि आत कुणी काय केलं ते तिच्यात लिहिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही असा नियम आहे. तिन्ही रविवारी अडलेल्या व्हीएमची नावं एका कागदावर काढली आणि वही शेजारी उघडून ठेवली.

टॅलीची व्हीएम पहिल्याच रविवारी अडली होती. वहीत आदल्या मंगळवारी आमच्या नव्या मुलाची नोंद: ‘टॅली, रॅम ८ ची १६ केली, बंद करून चालू केली.’ हजेरीच्या मशीनची व्हीएम: ‘बॅकअपवरून परत आणली.’ ईआरपी: ‘डिस्क वाढवली, शट डाउन, पॉवर ऑन.’ सगळ्या नोंदींच्या वेळी त्या व्हीएम नव्या होस्टवर होत्या.

आता उलटी बाजू. पगाराची व्हीएम पहिल्या दिवसापासून नव्यावरच होती. विंडोजच्या अपडेटांनी ती त्या काळात चारदा रीस्टार्ट झाली होती. ती एकदाही अडली नव्हती. मी त्या मुलाला विचारलं, “टॅली आणि पगार यांत फरक काय?” तो म्हणाला, “सर, काहीच नाही. दोन्ही रीस्टार्ट झाल्या.” मी म्हटलं, “एक रीस्टार्ट झाली. दुसरी तू बंद केलीस आणि मग चालू केलीस.” तो माझ्याकडे बघत राहिला. मीसुद्धा ते वाक्य बोलून झाल्यावरच नीट ऐकलं.

एकच व्हीएम या हिशेबात बसेना. फाइल सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता, वहीत अक्षरही नव्हतं. अर्धा तास त्यात गेला. शेवटी व्हीसेंटरच्या (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) घटनांच्या यादीत सापडलं: गुरुवारी पहाटे एका जुन्या होस्टचा वीजपुरवठा गेला होता आणि एचएने (होस्ट पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडे चालू करणाऱ्या सोयीने) फाइल सर्व्हर उचलून नव्या होस्टवर नव्याने उभा केला होता. म्हणजे तोही तिथे ‘पॉवर ऑन’ झाला होता. कुणाला न विचारता, न सांगता.

कुंडली पॉवर ऑनच्या घटकेची

ऑपरेटिंग सिस्टीम उठते तेव्हा प्रोसेसरला विचारते की बाबा, तुला काय काय येतं? त्या प्रश्नाची सूचना म्हणजे सीपीयूआयडी. व्हीएममध्ये तिचं उत्तर प्रोसेसर परस्पर देत नाही, मध्ये हायपरवायझर (होस्टवर व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) बसलेला असतो आणि काय सांगायचं ते तो ठरवतो. क्लस्टरवर काही बंधन घातलेलं नसेल तर तो ज्या होस्टवर व्हीएम चालू होते त्या होस्टच्या जवळजवळ सगळ्या सुविधा सांगून टाकतो. आणि हे उत्तर पॉवर ऑनच्या घटकेला ठरतं. कुंडलीसारखं. जन्म ब्रॉडवेलवर झाला तर ब्रॉडवेलची कुंडली, आइस लेकवर झाला तर आइस लेकची. नंतर ती व्हीएम कुठेही फिरवा, आतून कितीही वेळा रीस्टार्ट करा, कुंडली तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद होऊन पुन्हा चालू झाली तरच नवी मांडली जाते.

म्हणून जुन्यावर जन्मलेली व्हीएम नव्यावर जाते आणि परतही येते. तिने मागितलेलं सगळं दोन्हीकडे आहे. नव्यावर जन्मलेली मात्र एव्हीएक्स-५१२, एसएचए वगैरे धरून बसते, आणि ते ब्रॉडवेलवर नाहीच.

हा अडथळा आपल्याच भल्याचा आहे हेही लक्षात घ्या. लिनक्समध्ये मेमरी कॉपी करण्यासारखं साधं काम कोणत्या सूचनांनी करायचं हे प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच ठरतं. एव्हीएक्स-५१२ दिसलं तर ते वापरायचं ठरू शकतं. मग चालता चालता खालचा प्रोसेसर बदलला आणि त्याला ती सूचना येतच नसेल, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे मरतो. कर्नलमध्ये झालं तर अख्खी व्हीएम जाते. ईआरपी रविवारी अडली म्हणून मी वैतागलो होतो. ती न अडता गेली असती तर सोमवारी काय झालं असतं याचा विचार नंतर केला.

तपासायचं कसं? वही नसली तरी चालेल. क्लस्टरच्या व्हीएमच्या यादीत ‘ईव्हीसी सीपीयू मोड’ नावाचा रकाना आहे. नेहमी झाकलेला असतो, तो उघडा. चालू असलेल्या प्रत्येक व्हीएमसमोर तिला कोणत्या पिढीचा प्रोसेसर लागतो ते येतं. आमच्याकडे सव्वीस व्हीएमसमोर ब्रॉडवेल होतं आणि सहांसमोर आइस लेक. तिसऱ्या रविवारी अडलेल्या पाचांना परत जुन्यावर नेलेलं होतं, म्हणजे हे सहा त्यानंतरच्या चार दिवसांतले. जसजसे दिवस जातात तसतशी दुसरी संख्या वाढते. दर रविवारी नव्याने उगवणाऱ्या अडचणीचं मूळ एवढंच.

उपाय

व्हीएमवेअरमध्ये याला ईव्हीसी म्हणतात. २००८ पासून आहे, ईएसएक्स ३.५ च्या दुसऱ्या अपडेटपासून. क्लस्टरला एक पातळी ठरवून द्यायची, मग त्यातला प्रत्येक होस्ट आपल्या व्हीएमना तेवढंच सांगतो, जास्तीचं झाकून ठेवतो. पंक्तिप्रपंच नको, पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं. पातळी अर्थातच सगळ्यांत जुन्या होस्टची. आमची ब्रॉडवेल.

खरं तर हे काम नवा होस्ट जोडण्याच्या आधी करायचं असतं. तेव्हा ते पाच मिनिटांचं आहे: जुन्या होस्टवर चालू असलेल्या व्हीएमना धक्काही लागत नाही, कारण त्या मुळातच ब्रॉडवेलच्या. मग रिकामा नवा होस्ट आत घ्यायचा. आम्ही उलट केलं होतं, म्हणून रविवारची दुपार गेली.

आम्ही काय केलं ते सांगतो. रकान्यात आइस लेक दिसणाऱ्या सहा व्हीएमच्या मालकांकडून वेळ मागून घेतली. बाकीच्या सगळ्या नव्यावरून जुन्या तिघांवर आणल्या. तिघांवर सगळा भार मावेल ना, हे आधी बघून घ्या. आमचं मेमरीत जेमतेम मावलं, दोन चाचणीच्या व्हीएम बंद ठेवाव्या लागल्या. मग त्या सहा नीट शट डाउन केल्या, बंद अवस्थेतच जुन्या होस्टवर नेल्या आणि तिथे चालू केल्या. नवा होस्ट पूर्ण रिकामा झाल्यावर मेंटेनन्स मोड. क्लस्टर, कॉन्फिगर, व्हीएमवेअर ईव्हीसी, एडिट. इंटेलच्या होस्टसाठी चालू करायचं आणि यादीतून ब्रॉडवेल निवडायचं. खालच्या चौकटीत सगळं जुळल्याचा निर्वाळा आला तर ओके. मग नवा होस्ट मेंटेनन्समधून बाहेर काढायचा आणि भार वाटून द्यायचा.

चौकटीत निर्वाळा पहिल्या फटक्यात येत नाही. आमच्याकडे तीन ठिकाणी काटे निघाले आणि ते तुमच्याकडेही निघतील.

पहिला काटा व्हीसेंटरचा. त्या सहांपैकी एक स्वतः व्हीसेंटरच होता. ज्याच्याकडून हे सगळं करून घ्यायचं तोच नव्या होस्टवर जन्मलेला. त्याला बंद केलं की ही सगळी बटणंच गायब. बसल्या फांदीवर कुऱ्हाड. मार्ग आहे, पण क्रम चुकवू नका: व्हीसेंटर आत्ता कोणत्या होस्टवर आहे, त्याची फाइल कोणत्या डेटास्टोअरच्या कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते आधी कागदावर लिहून घ्या. नव्या आणि एका जुन्या होस्टचे रूट पासवर्ड हाताशी ठेवा आणि ते चालतात याची खात्री करा (आमच्या जुन्याचा बदललेला होता, वहीत होता म्हणून वाचलो). मग थेट नव्या होस्टच्या वेब पानावर जाऊन व्हीसेंटर शट डाउन करायचा आणि तिथल्या यादीतून फक्त काढून टाकायचा. ‘अनरजिस्टर’ निवडा, ‘डिलीट’ नव्हे. या एका क्लिकच्या वेळी मी त्या मुलाला शेजारी उभं करून दोनदा वाचायला लावलं. नंतर जुन्या होस्टच्या वेब पानावरून तीच फाइल नोंदवायची आणि चालू करायची. ‘ही व्हीएम हलवली की कॉपी केली’ असं विचारलं तर ‘हलवली’. व्हीसेंटर पूर्ण उठायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात आम्ही शेव-उसळ मागवली.

दुसरा काटा सस्पेंड करून ठेवलेल्या व्हीएमचा. ‘चालू किंवा सस्पेंड असलेल्या व्हीएम झाकल्या जाणाऱ्या सुविधा वापरत असतील’ अशा अर्थाचा संदेश येत राहिला आणि होस्टवर चालू तर काहीच नव्हतं. नीट बघितल्यावर एका इंटर्नने महिन्यापूर्वी सस्पेंड केलेली चाचणीची व्हीएम दिसली. सस्पेंड म्हणजे झोप. झोपलेल्याचीही कुंडली असतेच. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटचंही (व्हीएमच्या त्या क्षणाच्या जतन केलेल्या स्थितीचंही) तसंच. आइस लेकच्या कुंडलीचा स्नॅपशॉट ब्रॉडवेलवर परत उघडायला गेलात तर तो उठणार नाही. असे स्नॅपशॉट आधीच निकालात काढा.

तिसरा काटा बायोसचा. नवा तयार, पण एक जुना होस्ट नाही म्हणू लागला: प्रोसेसरला हे येतं, पण काही सुविधा दिसत नाहीत, बायोस बघा. ब्रॉडवेलला एईएस (कूटलेखनाच्या सूचना) येत नाही असं कसं होईल? एईएस वेस्टमियरपासून, २०१० पासून आहे. या होस्टचा मदरबोर्ड मागे एकदा बदलला होता आणि तेव्हापासून बायोसमध्ये एईएसची खूण बंदच राहिली होती. तो रिकामा केला, खूण चालू केली. असा बदल केल्यावर होस्ट नुसता रीबूट न करता पूर्ण बंद करून वीज काढून पुन्हा चालू करायची माझी सवय आहे. व्हर्च्युअलायझेशनची आणि एक्झिक्यूट डिसेबलची खूणही त्याच फेरीत बघून घ्या.

शेठचा प्रश्न

सोमवारी शेठने विचारलं, “नवी गाडी घेतली आणि ती जुन्याच्या चालीने चालवायची?” प्रश्न रास्त आहे, आणि ईव्हीसीबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे.

ईव्हीसी प्रोसेसरचा वेग कमी करत नाही. कोर तेवढेच, गिगाहर्ट्झ तेवढेच, कॅशे तेवढीच, मेमरीचा वेग तोच. नव्या पिढीत त्याच जुन्या सूचना जास्त वेगाने चालतात, तो फायदाही पुरा मिळतो. झाकल्या जातात त्या फक्त नव्या सूचना. टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर, हजेरी यांना त्यांची ओळखही नसते. फरक पडतो तो एव्हीएक्स-५१२ मनापासून वापरणाऱ्या कामांना: व्हिडिओचं एन्कोडिंग, काही वैज्ञानिक आकडेमोड, प्रोसेसरवर चालणारी एआयची मॉडेल. आमच्याकडे कॅमेऱ्याने सुट्या भागांवरचे ओरखडे शोधणारी एक व्हीएम आहे, ती या यादीत बसते. नव्या पिढीचे दोन होस्ट असते तर त्यांचं वेगळं क्लस्टर करून ती तिथे ठेवली असती. एकच आहे, म्हणून मी तिलाही पंगतीतच बसवलं. थोडी हळू चालते. पण तो होस्ट बिघडला तर ती आपोआप दुसरीकडे उभी राहते आणि माझी झोप मोडत नाही. हा माझा निर्णय, तुमचा वेगळा असू शकतो.

व्हीएमवेअरच्या आवृत्ती ६.७ पासून एकेका व्हीएमला स्वतःची पातळी देता येते, हार्डवेअर आवृत्ती १४ किंवा वरची असेल तर. मात्र तिचा उपयोग व्हीएमला खाली बांधून ठेवायला होतो; क्लस्टरच्या पातळीच्या वर उडी मारायला नाही. शिवाय ती बदलायला व्हीएम बंदच करावी लागते.

आणि भीतीपोटी पातळी गरजेपेक्षा खाली ठेवू नका. ‘कधी लागलाच तर अडगळीतला जुना सर्व्हरही जोडता येईल’ म्हणून सँडी ब्रिज किंवा आयव्ही ब्रिज या त्याहून जुन्या पिढ्या निवडणारे मी पाहिलेत. रेड हॅट लिनक्सच्या आवृत्ती ९ ला एक्स८६-६४ ची (इंटेल-एएमडीच्या ६४-बिट सूचनासंचाची) दुसरी पातळी लागते, १० ला तिसरी. तिसरीत एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय येतात, म्हणजे निदान आयव्ही ब्रिजच्या पुढची हॅसवेल पिढी. आयव्ही ब्रिजवर बांधलेल्या क्लस्टरमध्ये रेड हॅट १० उठणारच नाही, खाली होस्ट कितीही नवा असो. मोंगोडीबीला आवृत्ती ५ पासून एव्हीएक्स लागतं. ते झाकलं असेल तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतं, आणि माणूस दोन दिवस डेटाबेसमध्ये चूक शोधत बसतो.

पिढी एकच, तरी अडतं

सगळे होस्ट हुबेहूब एकसारखे असूनही हेच लक्षण दिसलं तर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, अपडेट करता येणारं सॉफ्टवेअर) बघा. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले, त्यानंतरच्या मायक्रोकोडने प्रोसेसरला आयबीआरएस, आयबीपीबी, एसटीआयबीपी अशा नव्या खुणा दिल्या. पॅच केलेल्या होस्टवर जन्मलेल्या व्हीएमच्या कुंडलीत त्या येतात आणि पॅच न केलेला होस्ट त्यांना ‘माझ्याकडे नाही’ म्हणतो. अर्धे होस्ट पॅच करून अर्धे पुढच्या महिन्यावर टाकलेत की हा प्रकार ठरलेला. सगळे पॅच करा, एका दमात.

नव्यात जुन्याचं सगळं असतंच हेही गृहीत धरू नका. टीएसएक्स हॅसवेलबरोबर आलं आणि इंटेलने पुढे मायक्रोकोडनेच ते बऱ्याच प्रोसेसरवर बंद केलं. एमपीएक्स स्कायलेकमध्ये आलं, आइस लेकमध्ये गेलं.

इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम नेण्याचा प्रश्न विचारूच नका. ईव्हीसी एका कंपनीच्या आतच चालतं. बंद करून नेता येते, चालू नाही. कोटेशनमध्ये एएमडी स्वस्त दिसलं म्हणून एकच घेतलात तर त्याचं वेगळं क्लस्टर करावं लागेल, हे शेठला खरेदीच्या आधी सांगा.

प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्हीवाल्यांसाठी

ग्वाल्हेरला माझा मामेभाऊ एका कॉलेजात प्रॉक्समॉक्स (व्हीएमवेअरसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) सांभाळतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, “दादा, तुझी अडते तरी. माझी जाते आणि मरते.” त्याने सगळ्या व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवला होता. वेग चांगला मिळतो, पण जे खाली आहे ते सगळं वर दिसतं, आणि वेगळ्या पिढीच्या नोडवर (तिथे होस्टला नोड म्हणतात) नेताना प्रॉक्समॉक्स व्हीएमवेअरसारखं दारात अडवत नाही. व्हीएम पोचते आणि गोठते. चालू व्हीएम हलवायच्या असतील तर ‘होस्ट’ फक्त अगदी एकसारख्या नोडमध्ये. मिश्र पिढ्यांत एक्स८६-६४-व्ही२-एईएस किंवा व्ही३ निवडा. पहिला प्रकार आवृत्ती ८ पासून नव्या व्हीएमला आपोआप मिळतो; त्याआधी केव्हीएम६४ मिळायचा, आणि जुन्या व्हीएम अजून त्यावरच अडकलेल्या असतात. ब्रॉडवेल आणि आइस लेक यांच्या मिश्रणाला व्ही३ बसतो. प्रकार बदलल्यावर आतून रीबूट करून उपयोग नाही, इथेही व्हीएम थांबवून सुरू करावी लागते.

हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरमध्ये) व्हीएमच्या प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये सुसंगततेची एक खूण आहे, तीही व्हीएम बंद असतानाच लागते. जुन्या आवृत्त्यांत ती इतकं झाकते की आतली कामं खरोखर हळू होतात. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ती क्लस्टरमधल्या सगळ्या नोडचा समाईक भाग काढून तेवढा देते, तेव्हा तिथे ती लावायला मन मोकळं ठेवा.

पुढचं काम

दुसरा नवा होस्ट आला की जुने तिघे निघतील आणि पातळी ब्रॉडवेलवरून आइस लेकवर न्यायची. पातळी चढवताना व्हीएम बंद कराव्या लागत नाहीत. पण चढवली म्हणून चालू व्हीएमना लगेच काही मिळत नाही. त्यांची कुंडली जुनीच राहते. बत्तीस व्हीएम हाताने बंद-चालू करत बसायचं नसेल तर प्रत्येकीच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘व्हीएमएक्स डॉट रीबूट डॉट पॉवरसायकल’ हे ‘ट्रू’ करून ठेवा. मग तिचा पुढचा नेहमीचा रीस्टार्ट, विंडोज अपडेटचा का असेना, एकदाच पूर्ण बंद-चालूसारखा होतो आणि ती खूण आपोआप निघून जाते.

आमचा कारखाना दिवाळीत बंद असतो आणि लाभपाचमीला उघडतो. ते काम त्या सुट्टीत. त्या मुलाला सांगून ठेवलंय की सकाळी येऊन आधी तो रकाना उघडायचा, सगळ्यांसमोर आइस लेक आहे का बघायचं, आणि वहीत लिहायचं.